घड्याळवेडा फारूक

इजिप्तचा राजा फारूक म्हटलं की आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे काळा चष्मा घातलेला, तीन माणसांच्या आकाराचा एक लठ्ठ गृहस्थ आणि दुसरी म्हणजे नाइट क्लब. ज्यांना घड्याळांचा नाद आहे त्यांना मात्र तिसरी गोष्टही आठवते. विसाव्या शतकात मनगटावरच्या सोन्याच्या घड्याळांचे जे मोजके थोर शौकीन होऊन गेले, त्यांत या माणसाचं नाव घ्यावंच लागतं. हा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. माझा नाद म्हणजे पुस्तकं वाचणं, लिलावाचे कॅटलॉग चाळणं आणि दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहणं एवढाच. पण या नादापायी फारूकच्या आयुष्याचा थोडाफार अभ्यास झाला आणि ते आयुष्य मला घड्याळांइतकंच गुंतागुंतीचं वाटलं.

फारूकचा जन्म ११ फेब्रुवारी १९२० रोजी कैरोच्या अबदीन राजवाड्यात झाला. घराणं मूळचं अल्बेनियन, मुहम्मद अलीचं. सव्वाशे वर्षं इजिप्तवर राज्य करूनही या घराण्यात घरची भाषा तुर्की आणि बैठकीची फ्रेंच. अस्खलित अरबी बोलणारा फारूक हा त्यांच्यातला पहिलाच. वडील फुआद मोठे कडक आणि तितकेच अंधश्रद्धाळू. ‘एफ’ हे अक्षर आपल्याला लाभतं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. म्हणून मुलांची नावं फारूक, फौझिया, फैझा, फैका आणि फथिया. पुढे फारूकनं लग्न केलं तेव्हा साफिनाझ नावाच्या मुलीची फरीदा झाली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होतीच, तेव्हा त्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. पण हे ‘एफ’ अक्षर लक्षात ठेवा, पुढे ते सोन्यावर कोरलेलं भेटणार आहे.

घड्याळांचा वारसाही घरातलाच. १९२९ साली इजिप्तमधल्या स्विस लोकांनी फुआदना व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन कंपनीचं सोन्याचं, अनेक करामती असलेलं खिशातलं घड्याळ नजर केलं होतं. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं की या दरबारात हिऱ्यापेक्षा घड्याळानं जास्त दारं उघडतात. मुलगा अशा घरात वाढला. खेळायला बरोबरीची मुलं नाहीत, वडिलांची भेट वेळ ठरवून, आणि भोवती नोकरचाकर व इटालियन कारागीर. यंत्रं उघडून बघायची, वस्तू जमवायच्या, हे त्याचं बालपण.

१९३५ च्या शरदात त्याला शिकायला इंग्लंडला पाठवलं. वूलिचच्या लष्करी अकादमीत जायचं, पण प्रवेशासाठी वय आणि तयारी दोन्ही कमी, म्हणून बाहेरून शिकवणी चालू होती. जेमतेम काही महिने झाले आणि २८ एप्रिल १९३६ ला वडील गेले. सोळा वर्षांचा मुलगा राजा झाला. शिक्षण संपलं ते कायमचंच.

इथे कॅलेंडरनं पहिली करामत केली. अज्ञान राजाच्या नावानं कारभार बघायला मंडळ नेमलेलं होतं आणि ते राजा अठरा वर्षांचा होईपर्यंत राहायचं होतं. इंग्रजी तारखेनं ते वय १९३८ च्या फेब्रुवारीत भरत होतं. पण वय हिजरी सनानं मोजायचं ठरलं. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे जुलै १९३७ मध्येच तो अठरा वर्षांचा झाला आणि त्यानं सूत्रं हातात घेतली. आपल्याकडे अधिक महिना टाकून हा हिशेब जुळवून घेतात, हिजरी सनात ती सोय नाही. सहासात महिने आधी राज्य मिळालं! त्या वेळी लोकांचं त्याच्यावर अतोनात प्रेम होतं. सडपातळ, देखणा, नमाजाला जाणारा, लोकांच्या भाषेत रेडिओवर बोलणारा राजा. जुने फोटो पाहिले तर पुढच्या फारूकशी त्यांचा मेळच बसत नाही.

मग मध्ये काय झालं? याचं उत्तर मला तरी एका संध्याकाळी सापडतं. ४ फेब्रुवारी १९४२. रोमेलचं सैन्य लिबियातून पुढे सरकत होतं आणि कैरोत ब्रिटिशांची तारांबळ उडालेली. ब्रिटिश राजदूत सर माइल्स लॅम्पसन यांना वफ्द पक्षाचे नहास पाशा पंतप्रधान हवे होते. त्यांनी राजाला संध्याकाळी सहापर्यंतची मुदत दिली. सहा वाजून गेले, हवं ते उत्तर आलं नाही. रात्री नऊच्या सुमारास अबदीन राजवाड्याला रणगाड्यांनी वेढा घातला आणि साडेसहा फुटी लॅम्पसनसाहेब सेनापतीला बरोबर घेऊन थेट राजाच्या खोलीत गेले. हातात राज्यत्यागाचा कागद तयार होता. सही कर, नाहीतर नहासला बोलाव. बाविसावा वाढदिवस आठवड्यावर आलेल्या राजानं दुसरा पर्याय घेतला.

गादी राहिली, पण राजा संपला. त्या रात्री अपमान झाला असं ज्यांना वाटलं त्यांत गमाल अब्देल नासर नावाचा एक तरुण लष्करी अधिकारीही होता. ब्रिटिशांना त्या रात्री एक पंतप्रधान मिळाला आणि चौदा वर्षांनी सुएझ कालवाच हातचा जाण्याची पायाभरणी झाली. माझ्या मते लॅम्पसनसाहेबांचा हा सौदा फार महागात पडला. पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९४३ ला, इस्माइलियाजवळ कस्सासीनला फारूकची मोटार ब्रिटिश लष्करी लॉरीवर आदळली. कित्येक दिवस तो इस्पितळात होता. त्यानंतर अंगावर चरबी चढू लागली आणि रात्री राजवाड्याबाहेर जाऊ लागल्या.

जमवाजमव आधीपासून होतीच, आता तिला ताळतंत्र उरलं नाही. नाणी, टपाल तिकिटं, रशियन झारांचे जवाहीर, सोन्याच्या डब्या, गाणारे यांत्रिक पक्षी, काही चारचौघांत सांगता न येण्यासारखी चित्रं, आणि घड्याळं. फाबर्जेनं १९०६ साली केलेलं, आत चावीचा सोन्याचा हंस असलेलं अंडंसुद्धा त्याच्याकडे पोचलं होतं. नाणी आणि पदकंच आठ हजारांच्या वर. त्यातल्या एका नाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेनं १९३३ साली वीस डॉलरची सोन्याची नाणी पाडली, पण रूझवेल्टनी सोन्याचं चलन बंद केलं आणि ती सगळी वितळवायची ठरली. काही नाणी टांकसाळीतून चोरीला गेली. त्यातलं एक १९४४ साली फारूकनं विकत घेतलं आणि राजरोस अमेरिकी सरकारकडूनच निर्यातीचा परवाना मिळवला. चोरीची भानगड सरकारच्या लक्षात आली ती त्यानंतर काही दिवसांनी. तोवर नाणं कैरोला.

आता घड्याळांकडे येतो. क्रोनोग्राफ म्हणजे साध्या भाषेत स्टॉपवॉच पोटात असलेलं घड्याळ. बाजूला दोन बटणं असतात. एक दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसऱ्यानं शून्यावर परत. ऐकायला सोपं आहे. पण चालत्या यंत्राला दुसरं यंत्र अलगद जोडायचं, आणि तेही मूळ घड्याळाला धक्का न लावता, हे चावीच्या घड्याळात फार अवघड काम. १९४१ साली जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीनं आणखी पुढची गोष्ट केली. क्रोनोग्राफच्या जोडीला कायमचं कॅलेंडर बसवलं आणि अशी मनगटी घड्याळं एकदोन नाही तर मालिकेनं बनवली. जगात हे पहिल्यांदाच झालं. नंबर १५१८. बारा खाली वार आणि महिन्याच्या खिडक्या, सहावर तारीख आणि त्यातच चंद्राच्या कला, नऊवर सेकंद, तीनवर तीस मिनिटं मोजणारी छोटी तबकडी. डायलच्या कडेला वेग मोजायची पट्टी. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे त्या घड्याळाला स्वतःला कळतं. किल्ली देत राहिलात तर इसवी सन २१०० पर्यंत तारखेला हात लावायला नको.

सगळा युरोप जळत असताना, चहूबाजूंनी शत्रूनं वेढलेल्या एका छोट्या देशात काही माणसं भिंग डोळ्याला लावून लीप वर्षाची दातेरी चाकं घासत बसली होती, याची मला नेहमी गंमत वाटते. पुढे १९५४ पर्यंत या नंबरची जेमतेम २८१ घड्याळं बनली. बहुतेक पिवळ्या सोन्यात, थोडी गुलाबी सोन्यात आणि आजवर माहीत असलेली चारच स्टीलमध्ये. लिलावाच्या जगात उफराटा न्याय असा की सोन्यापेक्षा स्टील महाग. २०१६ साली जिनिव्हात स्टीलचं १५१८ एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकना गेलं. आपल्या सराफकट्ट्यावर हे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

फारूककडे १५१८ होतं, सोन्याचं. ते मी पाहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज कंपनीनं ते दुबईत लिलावाला काढलं, तेव्हा आधी काही दिवस ते बघायला ठेवलं होतं. कोविडचे दिवस, तोंडाला मास्क. घड्याळ ३५ मिलिमीटरचं. हल्लीची मनगटावरची तबकं पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ते लहानखुरंच वाटतं. पुढून ते सुंदर आहेच, पण खरी गोष्ट पाठीवर आहे. तिथे इजिप्तचा राजमुकुट, चंद्र-तारा आणि ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं आहे. वडिलांचं ते लाभाचं अक्षर! सोनं मऊ असतं. वर्षानुवर्षं पॉलिश मारत गेलं की आधी कडा जातात, मग छाप पुसट होतात. म्हणून जुन्या सोन्याच्या घड्याळाचा पारखी आधी डायल बघत नाही, पट्टा जिथे अडकतो ती टोकं आणि आतले छाप बघतो. इथे मुकुट स्पष्ट वाचता येत होता. शेजारी एक वयस्कर इजिप्शियन गृहस्थ बराच वेळ उभे होते. काही न बोलता निघून गेले.

ते घड्याळ ९ लाख १२ हजार ५०० डॉलरना विकलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कला आणखी एक १५१८ विकलं गेलं. तेही एकेकाळी इजिप्तच्याच राजघराण्यातल्या प्रिन्स तुसून यांचं. केस गुलाबी सोन्याची, डायलही गुलाबी, आणि जपलेलं असं की जणू काल दुकानातून आणलं. त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले. राजाच्या दहापट! बाजाराला राजाची फारशी पडलेली नाही, त्याला न घासलेलं सोनं हवं असतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलतो, कारण तिच्याशिवाय फारूकबद्दल कुणी बोलतच नाही. फारूकला खिसे कापायचा नाद होता असं सर्रास सांगतात. एका सराईत चोराकडून तो ती कला शिकला म्हणे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चर्चिल कैरोला आले असताना मेजवानीत त्यांचं खिशातलं घड्याळ नाहीसं झालं आणि थोड्या वेळानं राजेसाहेबांनी ते शोधून आणून दिलं, अशी कथा आहे. चर्चिलचं घड्याळ घराण्यातून आलेलं ब्रेगेचं, सोन्याचं आणि क्रोनोग्राफच. आणखी एक कथा इराणच्या रझा शाहची. १९४१ साली ब्रिटिशांनी त्याला गादीवरून काढून बोटीनं आपल्या मुंबईपर्यंत आणलं, पण किनाऱ्याला उतरू दिलं नाही. तसाच मॉरिशसला नेला. १९४४ मध्ये तो जोहान्सबर्गला वारला. त्याचा देह कैरोत ठेवला होता, तेव्हा सोबतची तलवार गायब झाली आणि बोट फारूककडे दाखवलं गेलं. रझा शाहचा मुलगा हा फारूकची बहीण फौझियाचा नवरा, म्हणजे सख्खा मेहुणा. या कथा पदच्युत राजाबद्दल त्याच्या शत्रूंनी रंगवल्या, हे विसरून चालणार नाही. तरी चर्चिलच्या कथेत मला एक खरं वाटतं. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी दारात रणगाडे उभे केले, त्यांच्या पंतप्रधानाचं घड्याळ दहा मिनिटं तरी आपल्या खिशात असावं, असं त्या मुलाला वाटलं असेल तर मी त्याला फार दोष देणार नाही.

पण दोष द्यायला जागा कमी नाही. त्याच काळात इजिप्तचा शेतकरी अनवाणी पायानं कालव्याच्या पाण्यात उभा राहत होता आणि त्या पाण्यातून येणाऱ्या बिलहार्झिया रोगानं पोखरला जात होता. त्यानं पिकवलेल्या कापसावरच जिनिव्हाची बिलं भागत होती. १९४८ च्या पॅलेस्टाइन युद्धात सैन्याला सदोष शस्त्रं दिल्याचा बोभाटा झाला आणि शिंतोडे राजवाड्यापर्यंत उडाले. त्याच वर्षी फरीदाशी घटस्फोट झाला. ती लोकांची लाडकी होती. १९५१ मध्ये नरिमानशी दुसरं लग्न आणि १६ जानेवारी १९५२ ला मुलगा झाला. त्याचं नाव अर्थातच फुआद. बाळाच्या जन्माची मेजवानी २६ जानेवारीला अबदीन राजवाड्यात लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांना दिली जात होती. नेमक्या त्याच दिवशी कैरो पेटलं. आदल्या दिवशी इस्माइलियात ब्रिटिशांनी इजिप्तचे पोलीस मारले होते, त्याचा हा उद्रेक. शेपर्ड्स हॉटेल भस्मसात झालं, हॉटेलं, सिनेमागृहं, दुकानं जळत होती आणि बंदोबस्त करणारे साहेब राजाच्या पंगतीला बसलेले.

२३ जुलैला लष्करानं सत्ता घेतली. फारूक अलेक्झांड्रियाच्या रास-एल-तीन राजवाड्यात होता. २६ जुलैला पंतप्रधान अली माहेर निरोप घेऊन आले. दुपारी बाराच्या आत राज्यत्यागावर सही आणि संध्याकाळी सहाच्या आत देशाबाहेर. पुन्हा सहाच. दहा वर्षांपूर्वी सहाची मुदत त्यानं उलटू दिली होती, या वेळी पाळली. कागदावर सही करताना हात इतका थरथरला की ती नीट उमटली नाही, म्हणून वरच्या बाजूला पुन्हा करावी लागली. गादी सहा महिन्यांच्या मुलाला देऊन, तीन मुली, बायको आणि तान्हं बाळ घेऊन तो ‘महरूसा’ नौकेवर चढला. १८७९ साली आजोबा इस्माइल पाशाही पदच्युत होऊन याच नौकेनं नेपल्सला गेले होते. एकवीस तोफांची सलामी झाली. निरोप द्यायला येणारे जनरल नगीब यांनाच उशीर झाला. ते पोचले तोवर नौका धक्क्यापासून सुटली होती. छोट्या बोटीतून मागे जाऊन त्यांनी राजाला सलाम ठोकला. इतक्या घड्याळांचा धनी वेळेवर निघाला आणि क्रांती काही मिनिटं उशिरा पोचली, हा प्रसंग मला फार आवडतो.

मागे राहिलेल्या वस्तूंचा लिलाव नव्या सरकारनं १९५४ मध्ये कैरोच्या कुब्बा राजवाड्यात केला. सदबीज कंपनीला बोलावलं होतं. नाणी ढिगाढिगानं विकली. दुर्मिळ नाणं आणि किरकोळ नाणं एकाच लॉटमध्ये. परदेशी व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले. अमेरिकेनं मागणी केली म्हणून ते १९३३ चं नाणं लिलावातून काढलं आणि मग ते नाहीसंच झालं. १९९६ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सरकारी सापळ्यात सापडलं. खटल्याच्या काळात ते वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या तिजोरीत होतं, २००१ च्या जुलैमध्ये, म्हणजे हल्ल्याआधी दोन महिने, तिथून हलवलं. २००२ साली ७६ लाख डॉलरना आणि २०२१ साली १८९ लाख डॉलरना विकलं गेलं.

या लिलावाबद्दल माझ्या ऑफिसातल्या इजिप्शियन सहकाऱ्यांशी पुष्कळ वाद झाले. नासरना मानणारे म्हणत की जनतेचा पैसा जनतेकडे आला, झालं. २००७ च्या रमजानमध्ये एमबीसीवर फारूकवरची मालिका लागली आणि तरुण मंडळी एकदम हळवी झाली. रोज इफ्तारनंतर दुसऱ्या दिवशी पँट्रीत चर्चा. त्यांना टीव्हीवर पहिल्यांदाच राक्षसाऐवजी एक एकटा मुलगा दिसला होता. मला दोन्ही बाजू पटतात आणि तरी एक गोष्ट सलते. ज्या पैशातून ते सगळं घेतलं तो पैसा शेतकऱ्याचा होता हे खरं, पण मग त्या वस्तूही त्याच्याच नव्हत्या का? एका संग्रहालयात ठेवल्या असत्या तर आज त्याची नातवंडं तिकीट काढून बघायला गेली असती. घाईनं विकून आलेला पैसा केव्हाच खर्च झाला. तो सोन्याचा हंस आता स्वित्झर्लंडमधल्या एका प्रतिष्ठानाकडे आहे.

फारूक पुढे इटलीत राहिला. १९५९ मध्ये मोनॅकोचं नागरिकत्व मिळालं. खाणं, जुगार आणि रात्रीची रोषणाई यांत उरलेली वर्षं गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. १८ मार्च १९६५ ला मध्यरात्रीनंतर रोमच्या ‘इल द फ्रान्स’ नावाच्या हॉटेलात जेवता जेवता तो टेबलावरच कोसळला. वय पंचेचाळीस.

इजिप्तमध्ये दफन व्हावं ही त्याची इच्छा होती. रिफाई मशिदीत वडिलांजवळ जागा द्यायला नासर तयार नव्हते. शेवटी परवानगी मिळाली ती रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता, घराण्याच्या जुन्या कबरस्तानात पुरण्याची. पुढे सादात यांच्या काळात त्याला रिफाई मशिदीत हलवलं. १९८० मध्ये त्याच मशिदीत आणखी एका पदच्युत राजाला आणलं गेलं. तो होता इराणचा शाह मोहम्मद रझा, म्हणजे त्याचा मेहुणा, ज्याच्या बापाची ती तलवार. कैरोला गेलात तर सुलतान हसन मशिदीच्या समोरच आहे, दोघांच्या कबरी एका फेरीत बघून होतात.